मुलगा हरला की रडतो, खेळच सोडून देतो. त्याला हरणं कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा दुसरीत आहे, कॅरममध्ये हरला की सोंगट्या उधळतो, शाळेच्या शर्यतीत मागे पडल्यापासून मैदानावर जायलाच नको म्हणतो, आणि घरची मोठी माणसं सांगतात की त्याच्याशी खेळताना मुद्दाम हरत जा. मी बडोद्याची. माझा मुलगा आता पाचवीत आहे आणि तुमच्या मुलाच्या वयात अगदी असाच होता, म्हणून आधी हेच सांगते: मुद्दाम हरू नका.

मुलांना ते कळतं. आई वजीर फुकट देतेय हे सात वर्षांच्या पोरालाही दिसतं, आणि मग तो खरोखर जिंकला तरी त्याला ते खरं वाटत नाही. त्यापेक्षा डाव बरोबरीचा करा आणि त्याच्यादेखत करा. बुद्धिबळाला बसताना तुमचा वजीर आणि एक हत्ती पटाबाहेर ठेवा. तो जिंकायला लागला की हत्ती परत घ्या, मग वजीर. कॅरममध्ये त्याच्या दोन-तीन सोंगट्या सुरुवातीलाच बाजूला काढा. असं केलं की जिंकणंही खरं आणि हरणंही खरं. आमच्याकडे ज्या दिवशी नवऱ्याने पहिल्यांदा सगळी मोहरी मांडून डाव सुरू केला, त्या दिवशी मुलगा सपाटून हरला. पण "आज बाबा पूर्ण खेळले" हे तो आजीला, शेजारच्या काकूंना, भेटेल त्याला सांगत सुटला होता.

रडला तर रडू द्या. आमचा नियम एकच आहे: रडत रडत का होईना, सोंगट्या डब्यात भरायच्या आणि मगच उठायचं. आणि समजूत घालताना "त्यानेच लबाडी केली असेल" असं कोणालाही म्हणू देऊ नका. आजी-आजोबा हे प्रेमानेच म्हणतात, पण मुलाला तेवढं निमित्त पुरतं.

मला वाटतं, मुलं हरायला घाबरतात कारण हरण्याचे प्रसंग फार थोडे आणि फार मोठे असतात: वर्षातून एकदा क्रीडादिन, समोर सगळे पालक. याच्या उलट आमची उत्तरायण. १४ जानेवारीला बडोद्यात सगळं शहर गच्चीवर असतं, दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. पतंग कापला गेला की समोरच्या गच्चीवरून "काप्यो छे"चा गजर होतो, आणि इकडे पोरांना वाईट वाटून घ्यायला वेळच नसतो. उरलेला दोरा फिरकीवर गुंडाळायचा, नव्या पतंगाला किन्ना बांधायच्या, वारा बघायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कितीदा तरी हरतात आणि तरीही खाली जेवायला यायला तयार नसतात. घरातही असंच व्हावं, छोटे डाव, रोज, आणि हरल्याबरोबर हाताला काहीतरी काम.

मुलगा क्रिकेटवेडा असेल तर त्याला आमच्या गावची एक गोष्ट सांगा. रणजीच्या १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात इंदूरच्या होळकर संघाने बडोद्याला हरवलं. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा हेच दोन संघ. या वेळी विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या आणि होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. एवढा मार खाल्लेल्या त्याच होळकर संघाने १९४७-४८ ची रणजी जिंकली. माझ्या मुलाने विचारलं होतं, "हरल्यावर ते रडले असतील का?" मी म्हटलं, रडलेही असतील, पण पुढच्या मोसमात खेळायला आले.

शर्यतीचं मात्र वेगळं आहे, तिथे बघणारे असतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याला एखाद्या बागेत न्या (आम्ही कमाटीबागेत जातो), ठरलेल्या दोन झाडांमध्ये पळू द्या आणि फोनवर वेळ मोजा. मागच्या वेळेपेक्षा कमी लागला का, एवढंच बघायचं. दुसऱ्या कुठल्याही मुलाचं नाव काढू नका.

तरीही मैदान नकोच म्हणत राहिला, किंवा खेळाचा तास असेल त्याच दिवशी पोट दुखायला लागलं, तर वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा. कधीकधी हरण्याचं दुःख केव्हाच ओसरलेलं असतं. हरल्यावर वर्गात कोणीतरी चिडवलेलं असतं आणि ते मूल घरी सांगत नाही.