अवजार-शंका : चेनसॉ उजवीकडे ओढते ती का?

प्रश्न : माझ्याकडे 58 सीसीची, 22 इंची बारची (चेन ज्यावरून फिरते ते पातं) चेनसॉ आहे. आंब्याची छाटणी आणि अकेशियाचं सरपण, एवढंच काम. हाताने कानस मारून धार एकसारखी येईना म्हणून टेबलावर बसवायचं कानशीचं यंत्र मागवलं. कोन 30 अंशांवर ठेवून सगळे दात घासले. दात चकचकीत दिसतात, पण जाड ओंडक्यात काप उजवीकडे वळतो आणि बार अडकतो. यंत्रच खराब असेल का?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : यंत्राला शिव्या देण्याआधी व्हर्नियर घ्या. डावीकडचे चार आणि उजवीकडचे चार दात मोजा. दाताच्या वरच्या पट्टीची लांबी, मागच्या टोकापासून धारेपर्यंत. उजवे दात लांब निघतील, हे मी कुडाळात बसून सांगतो. लांब दात उंच असतो, जास्त चावतो आणि बारला आपल्या बाजूला ओढतो.

होतं असं. या यंत्रात दाताच्या मागे एक खटका टेकतो आणि दात कानशीखाली नेमका कुठे थांबणार ते तोच ठरवतो. एका बाजूचे दात झाले की आपण कानशीचा हात फिरवून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांवर नेतो आणि खटका आहे तिथेच ठेवतो. हात ज्या खिळीवर फिरतो ती दाताच्या बरोबर मध्यावर नसली, आणि स्वस्तातल्या यंत्रात ती क्वचितच असते, तर दुसऱ्या बाजूला कानस किंचित पुढे-मागे बसते. कोन अगदी बरोबर, लांबी मात्र चुकलेली. डोळ्यांना ते दिसत नाही, लाकडाला कळतं.

तेव्हा आधी अख्ख्या चेनमधला सर्वांत आखूड दात शोधून त्यावर मार्करने खूण करा. खटका त्याच्यावर जुळवा आणि त्या बाजूचे सगळे दात त्या मापाला आणा. मग हात फिरवा, दुसऱ्या बाजूचा एकच दात घासा आणि मोजा. माप जुळेपर्यंत खटक्याचा स्क्रू फिरवत राहा, त्यानंतरच पुढच्या दाताला हात लावा. पहिल्या खेपेला अख्खी दुपार जाईल. जाऊ द्या.

आणखी एक. तुमच्या बारवर बहुधा 86 ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत धावणाऱ्या कड्यांची) चेन असणार. दर दोन लिंकमागे एक दात, म्हणजे 43 दात. विषम आकडा, त्यामुळे एका जागी एकाच बाजूचे दोन दात लागोपाठ येतात. चेन सदोष आहे असं समजून दुकानदाराशी भांडू नका. फक्त ‘एक सोडून एक’ या हिशोबाने हात चालवत असाल तर तिथे थांबा.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. प्रत्येक दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला रेकर म्हणतात. दाताने एका वेळी किती लाकूड घ्यायचं ते रेकर ठरवतो. दात घासून मागे गेला की खालीही उतरतो, कारण त्याची पाठ उतरती असते. रेकर तेवढाच उंच राहतो. मग कितीही धार लावा, ढलप्या पडत नाहीत, पिठासारखा भुसा पडतो आणि माणूस मशीन दाबत बसतो. तीन-चार वेळा धार लावली की रेकरवर माप ठेवून चपटी कानस मारा. दात आणि रेकर यांच्यात 0.65 मिमी अंतर हवं. त्याहून जास्त उतरवलात तर मशीन हिसके देईल. माप दीड-दोनशे रुपयांची पत्र्याची पट्टी आहे, अंदाजावर जाऊ नका.

हे सगळं करूनही काप वळला तर दोष बारचा. चेन चढवा आणि सरळ पट्टी बारच्या बाजूला अशी धरा की ती दातालाही टेकेल. पट्टी आणि बार यांच्यात फट दिसायला हवी. दिसली नाही तर बारची खाच झिजून चेन कलते आहे. तिथे कानस काही करू शकत नाही.

प्रश्न : कानशीच्या हातयंत्रापेक्षा विजेवरचं ग्राइंडर घेतलं तर वेळ वाचेल ना?
– एक शेतकरी, दापोली

उत्तर : वाचेल, आणि चेनही लवकर संपेल. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत जागोजागी पडलेल्या झाडांवर मशिनी चालल्या. जांभ्या दगडाला लागलेली, फणसातल्या खिळ्यावर आपटलेली चेन कानशीने सरळ करायची म्हणजे जिवावरचं काम. अशा चेनला ग्राइंडर हवाच. पण चाक दातावर क्षणभर जास्त दाबलं की टोक निळं पडतं. मग तिथली धार टिकत नाही आणि पुढच्या वेळी कानस मारायला गेलात तर नुसती घसरते. घरच्या एका मशीनला हातयंत्र पुरे. आणि बागेत काम चालू असताना चेन उतरवून टेबलाकडे धावू नका. पेट्रोल भरायला थांबता तेव्हाच बारवरच, मशीन बंद करून, प्रत्येक दाताला गोल कानशीचे दोन-तीन हात द्या. यंत्र महिन्या-दोन महिन्यांनी, लांब्या परत जुळवायला.

प्रश्न : कानस किती मिमीची घ्यावी? दुकानदार म्हणतो, कुठलीही चालते.
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : चालत नाही. आधी चेनचं पिच बघा, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या अंतराचं इंचातलं माप. .325 पिचला 4.8 मिमी. लहान मशीनवरच्या तीन-अष्टमांश लो प्रोफाइल (बुटक्या दातांच्या) चेनला 4 मिमी. पिच चेनच्या डब्यावर असतं, बऱ्याचदा बारवरही कोरलेलं असतं. कानशीचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. पुढे ढकलताना घासा, मागे आणताना उचला. कानशीला तेल लावू नका, तारेचा ब्रश मारा. आणि एकदम डझनभर घ्या, सुटी महाग पडते.