परसातल्या कोंबड्या दाणे खाऊनही वाळत चालल्या आहेत आणि तुरे फिके पडले आहेत, काय करावे?
नीट खाऊनही कोंबडी वाळत असेल, तर पहिला संशय पोटातील जंतांचा घ्यावा आणि औषधाआधी ताज्या विष्ठेचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा, कारण मोकळ्यावर चरणारी कोंबडी विष्ठा मिसळलेल्या मातीतून गोलकृमींची अंडी रोज टिपत असते. छातीवर बोट फिरवल्यावर मधले हाड सुरीच्या पात्यासारखे लागले, तर अंगावरचे मांस बरेच झडले आहे असे समजावे. पायपेराझिन हे जंतनाशक मोठ्या गोलकृमींवर चालते, पट्टकृमींवर (फितीसारख्या चपट्या जंतांवर) नाही. म्हणून अंदाजाने दिलेला डोस पुष्कळदा वाया जातो. विष्ठेत रक्त दिसले, तर मात्र रक्ती हगवणीची (कॉक्सिडिओसिस, जंतांपेक्षा वेगळ्या सूक्ष्मजीवांमुळे होणारा आतड्याचा रोग) शक्यता अधिक. तिथे जंतनाशकाचा उपयोग नसतो, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने या रोगावरचे अँप्रोलियम हे औषध पाण्यातून द्यावे लागते आणि खुराड्यातील भुसा कोरडा ठेवावा लागतो.