व्हॉल्व्हचं मशीन फ्यूज उडवतंय? आधी तो केव्हा उडतो ते बघा

भाऊ, आबांचं भोंग्याचं मशीन, म्हणजे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, सारखं फ्यूज उडवतंय आणि तुम्ही आता ५ अँपिअरचा जाड फ्यूज लावलाय, असं तुम्ही लिहिलंय. त्यातली एक गोष्ट सगळ्यात कामाची आहे: फ्यूज बटन दाबल्याबरोबर जात नाही, अर्ध्या मिनिटाने जातो. मेकॅनिकने त्यावरून ‘ट्रान्सफॉर्मर गेला, रिवायंडिंग करा’ म्हटलं, ते मला पटत नाही. आबांच्या या मशीनला रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह नाही, डायोड आहेत, म्हणजे चालू करताक्षणीच चारशेच्या आसपास डीसी व्होल्टेज तयार होतं. डायोड किंवा फिल्टर कंडेन्सर शॉर्ट असता तर फ्यूज जागच्या जागी गेला असता. अर्ध्या मिनिटात बदलतं काय? दोन्ही ईएल ३४, म्हणजे भोंग्याला ताकद देणारे आउटपुट व्हॉल्व्ह, तापतात आणि करंट ओढायला लागतात. चोर बहुतेक तिथेच आहे.

आता तो ५ अँपिअरचा फ्यूज आधी काढून टाका. मशीनवर छापलेल्या आकड्याचाच, स्लो-ब्लो प्रकारचा लावा. जाड फ्यूज लावला की फ्यूजच्या जागी ट्रान्सफॉर्मर जळतो, मग मेकॅनिकचं म्हणणं खरं ठरेल! यापुढची सगळी तपासणी सिरीज बोर्डवर, म्हणजे मशीनच्या लाइनमध्ये एक बल्ब सिरीजमध्ये जोडून, करा. बल्ब ६० किंवा १०० वॅटचा, जुना तारेचाच हवा; एलईडी इथे कामाचा नाही.

सगळे व्हॉल्व्ह काढून सिरीजमध्ये चालू करा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड, फिल्टर यांच्यात मोठा शॉर्ट नाही. लख्ख पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मरमधून बाहेर पडणाऱ्या हाय टेन्शनच्या (उंच व्होल्टेजच्या) सेकंडरी तारा सोडवून पुन्हा बघा. सगळ्याच सेकंडरी सोडवूनही पेटत असेल, तरच रिवायंडिंगचं बोला.

बल्ब मंद राहिला, तर व्हॉल्व्ह बाहेरच असताना मीटरची काळी पिन चेसिसला (मशीनच्या धातूच्या सांगाड्याला) धरा आणि दोन्ही ईएल ३४ च्या होल्डरची ५ नंबरची पिन, म्हणजे कंट्रोल ग्रिड, डीसीवर मोजा. फिक्स्ड बायसच्या, म्हणजे ग्रिडला वेगळं उणे व्होल्टेज देणाऱ्या, मशीनमध्ये दोन्हीकडे साधारण उणे ३० ते उणे ४० व्होल्ट, आणि जवळपास सारखेच दिसायला हवेत. एकीकडे उणे ३५ आणि दुसरीकडे उणे १०, किंवा चक्क अधिक, असं आलं तर त्या बाजूचा कपलिंग कंडेन्सर लीक आहे. मागच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचं व्होल्टेज त्यातून झिरपून ग्रिडवर येतं आणि ईएल ३४ बेलगाम करंट ओढतो. जुने कागदी कंडेन्सर यात हमखास सापडतात. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला; तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर, काही महाग नाहीत.

दोन्हीकडे शून्य आलं तर बायसचा पुरवठाच मेलाय. तिथला छोटा डायोड, प्रीसेट (बायस जुळवायचा छोटा फिरता रेझिस्टन्स) आणि कंडेन्सर बघा. या कंडेन्सरचं अधिक टोक चेसिसला जातं. सवयीने उलटा बसवलेला मी बऱ्याच दुरुस्त केलेल्या मशीनमध्ये पाहिलाय. (कॅथोड बायसचं, म्हणजे कॅथोडच्या रेझिस्टन्सवरच बायस तयार करणारं, मशीन असेल तर मात्र शून्य हेच बरोबर.)

व्हॉल्व्ह काढलेले असताना फिल्टरवरचं व्होल्टेज नेहमीपेक्षा चढं असतं, म्हणून मोजायचं ते लगेच मोजून बंद करा. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टन्सने तो उतरवा, मीटरने खात्री करा, मगच आत बोटं घाला. चालू मशीनवर मोजताना डावा हात खिशात.

बायस ठीक निघाला तर एकेक व्हॉल्व्ह लावून अंधारात बघा. प्लेट लाल होत असेल तर दोघांची अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या होल्डरला गेली तर व्हॉल्व्ह खराब. जागेवरच राहिली तर दोष होल्डर-वायरिंगमध्ये. होल्डरच्या २ आणि ३ नंबर पिनांच्या मधला भाग काळा पडलाय का तेही बघा. चालू कार्यक्रमात भोंग्याची लाइन सुटली की आउटपुट ट्रान्सफॉर्मर उंच व्होल्टेज मारतो आणि ठिणगी तिथूनच जाते. एकदा जळालेलं बॅकेलाइट खरवडून नीट होत नाही, होल्डरच बदला.

अजून एक, आपल्याकडचं. केळीच्या पट्ट्यात रात्री पंपांचा लोड उतरला की लाइन २५० च्या पुढे जाते, आणि कानबाईच्या उत्सवाला तर मशीन रात्रभर चालणार. मशीनच्या मागचा लाइन व्होल्टेजचा टॅप २०० किंवा २२० वर असेल तर २४० वर घ्या. फिलामेंटला ६.३ व्होल्ट एसी मिळायला हवेत; ७ च्या जवळ दिसले तर टॅप चुकीचा आहे.

पिन ५ चे दोन्ही आकडे आणि मशीनच्या पोटाचा एक स्पष्ट फोटो टाका. तोवर रिवायंडिंगला एक रुपयाही देऊ नका.