दारात इमिग्रेशनचे अधिकारी : छोट्या मालकांचे प्रश्न

(अमेरिकेत लहान व्यवसाय चालवणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न. खालची माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष वेळ आलीच तर आपल्या वकिलाला विचारूनच पुढे जावं.)

प्रश्न : न्यू जर्सीत आमचं उपाहारगृह आहे, बारा माणसं कामाला. आयसचे (ICE, इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणारं केंद्रीय खातं) अधिकारी अचानक आले तर काउंटरवरच्या मुलीने काय करायचं? मी दिवसभर तिथे नसतो.

तुम्ही नसता तेव्हाच घोळ होतो. घाबरून ती मुलगी ‘या, सगळे आतच आहेत’ म्हणाली, तर त्याला संमती धरलं जाऊ शकतं. त्यामुळे तिला एवढं एकच वाक्य पाठ करून द्या : ‘आत येऊ द्यायचा अधिकार मला नाही, मालकांना फोन लावते.’ हा फोन घेणारी दोन माणसं आजच ठरवा. त्यांचे आणि वकिलाचे नंबर गल्ल्याजवळ चिकटवून ठेवा.

गिऱ्हाइकांच्या बसायच्या जागेत कुणीही येऊ शकतं, अधिकारीही. स्वयंपाकघर, कोठीची खोली आणि ऑफिस मात्र खाजगी जागा. तिथे जायला त्यांच्याकडे तुमची संमती किंवा न्यायाधीशाचं वॉरंट लागतं. दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावा आणि दार बंद ठेवा. ते दिवसभर सताड उघडं राहिलं, गिऱ्हाइकंही आत जाऊन हात धुऊ लागली, तर ती जागा खाजगी होती हे सांगणं अवघड जातं.

आता हातातला कागद. वर न्यायालयाचं नाव, ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ असं काही, आणि खाली न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही असेल तर ते कोर्टाचं वॉरंट. वर ‘डिपार्टमेंट ऑफ होमलँड सिक्युरिटी’, फॉर्मचा नंबर आय-२०० किंवा आय-२०५ आणि सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची असेल, तर ते प्रशासकीय वॉरंट. दोन्हींवर ‘वॉरंट’ हा शब्द ठळक असतो, म्हणूनच लोक फसतात. प्रशासकीय वॉरंटवर अधिकारी सार्वजनिक जागेत एखाद्याला अटक करू शकतात, पण तुमच्या संमतीशिवाय स्वयंपाकघरात शिरायचा हक्क त्यांना त्यातून मिळत नाही. त्या माणसाला बाहेर आणून देण्याची सक्तीही तुमच्यावर नाही.

कोर्टाचं वॉरंट असेल तर पत्ता, तारीख आणि कुठली जागा, कुठल्या वस्तू हे वाचा, प्रत मागा आणि वाट द्या. झडती त्यापलीकडे जाऊ लागली तर ‘याला माझी संमती नाही’ असं मोठ्याने म्हणा. वॉरंट नसतानाही ते आत घुसलेच, तरी हेच म्हणायचं. आडवं उभं राहायचं नाही. अधिकाऱ्यांची नावं, बॅज नंबर, वेळ आणि काय-काय नेलं ते टिपून ठेवा.

दोन चुका मात्र महागात पडतात : माणूस आत असताना ‘तो आज आलाच नाही’ म्हणणं आणि कुणाला मागच्या दाराने पळवणं. गप्प राहण्याचा हक्क तुम्हाला आहे, खोटं बोलण्याचा नाही. कर्मचाऱ्यांनाही ‘बोलायचं की नाही हे तुम्ही ठरवा’ एवढंच सांगा. ‘बोलू नका’ असा हुकूम देऊ नका.

प्रश्न : आमचे काही आय-९ फॉर्म (कर्मचाऱ्याला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे हे तपासल्याची नोंद) अर्धवट आहेत. आत्ता दुरुस्त केले तर चालतील?

चालतील, आणि करायलाच हवेत. छोट्या मालकांना दंड बसतो तो बहुतेकदा या फायलीपायी, आणि तोही फॉर्मामागे मोजून. ६ नोव्हेंबर १९८६ नंतर कामावर घेतलेल्या प्रत्येकाचा फॉर्म लागतो, तुमच्या सख्ख्या भाच्याचाही. पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा. दुसरा तुम्ही त्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत. सोमवारी रुजू झाला तर गुरुवारपर्यंत.

दुरुस्ती करताना पांढरी शाई वापरू नका. चुकीच्या मजकुरावर एक रेघ मारा, शेजारी बरोबर लिहा, आद्याक्षरं आणि आजची तारीख टाका. पहिल्या भागातली चूक त्या कर्मचाऱ्यानेच दुरुस्त करायची. फॉर्म मुळात भरलाच नसेल तर आजच्या तारखेने भरा आणि उशीर का झाला याची चिठ्ठी जोडा. मागची तारीख टाकली की साध्या चुकीची फसवणूक होते.

कागदपत्रं कुठली द्यायची हे कर्मचारी ठरवतो. ‘ग्रीन कार्डच दाखव’ म्हणणं हा भेदभाव. आडनाव ऐकून जास्तीचे पुरावे मागणं तर उघडच. नोकरी सोडलेल्यांचे फॉर्म रुजू झाल्यापासून तीन वर्षं किंवा सोडल्यापासून एक वर्ष, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. ते पगाराच्या फायलीत न घालता वेगळे ठेवा.

तपासणीची नोटीस आली तर फॉर्म द्यायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. अधिकारी ‘आत्ताच द्या’ म्हणाले तरी ती मुदत सोडू नका. कॅलिफोर्नियात असाल तर नोटीस मिळाल्यापासून ७२ तासांत कर्मचाऱ्यांना कळवावं लागतं. तपासणीत निव्वळ तांत्रिक चुका निघाल्या तर त्या सुधारायला दहा कामकाजाचे दिवस मिळतात. पहिल्या भागात कर्मचाऱ्याची सहीच नसणं त्यात बसत नाही.

प्रश्न : एच-१बीवरच्या (कुशल कामासाठीचा तात्पुरता व्हिसा) मुलाची चौकशी करायला एक अधिकारी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत येऊन गेले. तेही आयसचेच लोक का?

नाही. ते बहुधा यूएससीआयएसच्या (व्हिसा-इमिग्रेशनचे अर्ज तपासून मंजूर करणारं खातं) फसवणूक-तपास विभागाचे असतात. अटक करायला ते येत नाहीत. अर्जात लिहिलेलं काम, पगार आणि जागा खरी आहे का, एवढं ते पाहतात. इथे सहकार्य नाकारणं महाग पडतं, कारण त्यावरून त्या मुलासाठी कंपनीने केलेला अर्ज, म्हणजे याचिका, फेटाळली किंवा रद्द केली जाऊ शकते. रिसेप्शनवर त्यांचं ओळखपत्र पाहा, मग याचिकेची प्रत हाताशी घेऊनच बोला. मुलगा क्लायंटकडे किंवा घरून काम करत असेल तर तो पत्ता कागदांशी जुळतो का, हे आज तपासा.