‘मारहाण’ की ‘हाणामारी’? ‘फॉल्स इक्विव्हॅलन्स’साठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे: आंदोलनात हिंसा झाली की नेते ‘दोन्ही बाजूंनी संयम पाळावा’ म्हणून मोकळे होतात. अशा बरोबरीला इंग्रजीत ‘फॉल्स इक्विव्हॅलन्स’ म्हणतात. मराठीत ‘खोटी समानता’ चालेल का? की ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ ही म्हणच पुरे?

‘खोटी समानता’ नको. ‘समानता’ हा शब्द मराठीत हक्कांच्या अर्थाने पक्का बसला आहे. संविधानाच्या उद्देशिकेतली ‘दर्जाची व संधीची समानता’ ती हीच. ‘खोटी समानता’ वाचून कुणालाही वाटेल की कागदावर हक्क दिले आणि प्रत्यक्षात नाकारले. इथे प्रश्न वजनाचा आहे. दोन कृत्यं सारख्या वजनाची नसताना ती सारखी ठरवली जातात. ‘तुला’ म्हणजे तराजू, त्यावरून ‘तुल्य’. म्हणून ‘भ्रामक तुल्यता’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. ‘समतुल्यता’ही दिसतो, पण ‘तुल्य’मध्ये ‘सम’ आलेलाच आहे. शाळेत 1/2 आणि 2/4 यांना ‘सममूल्य’ अपूर्णांक म्हणतात. तो शब्दही जवळचा आहे, फक्त ‘मूल्य’ म्हटलं की वाचकाचं मन नीतिमूल्यांकडे वळतं. अग्रलेखात ‘भ्रामक तुल्यता’ लिहावं. बोलताना मात्र नाम शोधत बसू नये. ‘दोघांना एकाच तागडीत तोलू नका’ हे सगळ्यांना कळतं.

पण नुसता प्रतिशब्द मिळून भागत नाही, कारण ही भ्रामक तुल्यता बहुतेक वेळा साध्या बातमीच्या वाक्यात लपलेली असते. ‘मारहाण’ आणि ‘हाणामारी’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. धातू तेच, मार आणि हाण, फक्त क्रम उलटा. तरी अर्थ केवढा बदलतो! मारहाणीत एक मारतो, दुसरा मार खातो. हाणामारीत दोघेही मारतात. विभक्तीवरून हे लगेच पडताळता येतं: ‘त्यांनी विद्यार्थ्यांना मारहाण केली’ हे वाक्य बरोबर; ‘विद्यार्थ्यांना हाणामारी केली’ असं कुणी म्हणणार नाही. तिथे ‘विद्यार्थ्यांशी’ किंवा ‘दोन गटांत’ असंच यावं लागतं. म्हणजे ‘ना’ गेला आणि ‘शी’ आला की ज्याने मार खाल्ला तोही मारणाऱ्यांत जमा झाला. ‘मारामारी’, ‘ढकलाढकली’, ‘बाचाबाची’ याच जातीचे. ‘जाळपोळ’, ‘धरपकड’ हेही जोडशब्दच, पण ते एकतर्फी आहेत, त्यामुळे केवळ शब्दाच्या घडणीवर विसंबू नये. वाक्यात ‘एकमेकांशी’ घालून पाहावं. बसलं तर शब्द परस्परतेचा.

या चर्चेत हमखास येणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे: व्हर्जिनिया राज्यातलं शार्लट्सव्हिल, ऑगस्ट 2017. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याचा पुतळा हटवायला विरोध म्हणून गोऱ्यांचं वर्चस्व मानणारे गट तिथे जमले. 11 तारखेच्या रात्री त्यांनी विद्यापीठाच्या आवारात मशाली घेऊन ज्यूविरोधी घोषणा दिल्या. 12 तारखेला सकाळी रस्त्यावर काठ्या-ढाली चालल्या आणि त्यात दोन्हीकडचे लोक होते. तेवढ्या भागाला ‘हाणामारी’ म्हणणं योग्यच आहे. पण दुपारी या मेळाव्याला आलेल्या एकाने विरोधी निदर्शकांच्या गर्दीत मोटार घातली. 32 वर्षांची एक स्त्री मेली, अनेक जण जखमी झाले. ही हाणामारी नव्हे. हा हल्ला.

त्याच दिवशी, मोटारीच्या घटनेनंतर, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी द्वेष आणि हिंसेचा निषेध केला आणि पुढे जोडलं: ‘ऑन मेनी साइड्स, ऑन मेनी साइड्स’. मराठीत ‘अनेक बाजूंनी’. या ‘नी’मुळे कर्तेपण ‘बाजू’कडे गेलं आणि गाडी चालवणारा माणूस वाक्यातून निसटला. दोन दिवसांनी त्यांनी कू क्लक्स क्लॅन (गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी जुनी संघटना) आणि नवनाझी यांची नावं घेतली. 15 तारखेला ‘दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं’ होती असंही म्हणाले. त्याच पत्रकार परिषदेत आपण नवनाझींबद्दल बोलत नाही, त्यांचा पूर्ण निषेधच व्हायला हवा, असंही ते म्हणाले होते. उद्धृत करताना तो भाग गाळणं अप्रामाणिकपणा आहे. तो धरूनही 12 तारखेचं वाक्य सुटत नाही, कारण त्या वेळी एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या माणसाला मारलेलं होतं. न्यायालयाला असं बोलून चालत नाही. डिसेंबर 2018 मध्ये ज्युरीने त्या चालकाला खुनाबद्दल दोषी ठरवलं. कुणी, कुणाला, कशाने, हे सगळं ठरवावं लागलं.

आपल्याकडचं ‘आंदोलनाला गालबोट लागले’ हेही तपासावं. गालबोट म्हणजे मुळात दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गालावर लावलेला काळा ठिपका. आज अर्थ उरला तो डागाचा. वाक्य अकर्तृक: गालबोट ‘लागतं’, कुणी लावलं ते येतच नाही. ‘हिंसक वळण लागले’ तसंच. कर्ता खरोखर कळलेला नसेल तर ‘दगड कोणी मारले हे स्पष्ट झालेले नाही’ असं सरळ लिहावं.

आता म्हणीबद्दल. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ हे भ्रामक तुल्यतेचं नाव नाही, ती करणाऱ्याच्या तोंडचं वाक्य आहे. ‘एकाच माळेचे मणी’चंही तेच. टीका करणाऱ्याने यातलं काही वापरलं तर अर्थ उलटा लागेल. टाळीची म्हण भाऊबंदकीच्या भांडणात शोभते, तिथे खरंच दोन हात असतात. थोबाडीत मात्र एका हाताने बसते.

राहता राहिलं ‘संयम पाळावा’. ‘पाळावा’ हा विध्यर्थ आहे, तो पुढच्यासाठी. उद्या पुन्हा मोर्चा निघणार असेल तर हे आवाहन दोन्ही बाजूंना करणं योग्यच आहे. घोटाळा होतो तो काल काय घडलं याचं वाक्य गाळून नुसतं एवढंच बोललं की. आधी भूतकाळातलं वाक्य, कर्ता आणि कर्म यांसह: ‘अमक्यांनी तमक्यांवर हल्ला केला.’ मग ‘पाळावा’.