चेक वटला नाही, पॉलिसी रद्द झाली. नव्या फॉर्ममध्ये खरे लिहावे का?

प्रश्न : माझ्या कारची पॉलिसी १० मार्चला संपत होती. नूतनीकरणासाठी ८ मार्चला चेक दिला आणि नवी पॉलिसी ईमेलवर आलीही. १२ मे रोजी नाकाबंदीत पोलिसांनी गाडीचा विमाच नसल्याचे सांगितले. चौकशी केल्यावर कळले की सही न जुळल्याने चेक परत गेला होता आणि कंपनीने २५ मार्चला पॉलिसी रद्द करून तसे पत्र माझ्या जुन्या पत्त्यावर पाठवले होते. दरम्यान २० मार्चला एका दुचाकीस्वाराला माझ्या गाडीचा धक्का लागला होता. आता दुसरा एजंट म्हणतो की पूर्वी पॉलिसी रद्द झाल्याबद्दलच्या रकान्यात ‘नाही’ लिहा, नाहीतर कोणी विमा देणार नाही. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम गाडी रस्त्यावर आणणे थांबवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीमुळे त्रयस्थाला होणाऱ्या हानीच्या विम्याशिवाय, वाहन चालवता येत नाही, आणि कलम १९६ मध्ये पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. खरी भीती मात्र दंडाची नाही; या काळात अपघात झाला तर भरपाईची संपूर्ण रक्कम आपल्या खिशातून जाईल.

विमा मिळणार नाही ही एजंटची भीती अवाजवी आहे. थर्ड पार्टी विम्याचे मूळ दर केंद्र सरकार ठरवते, त्यामुळे पूर्वीचा चेक वटला नाही म्हणून त्या भागाचा दर वाढत नाही. हा भाग स्वतंत्रपणे लगेच घ्या आणि पैसे या वेळी ऑनलाइन भरा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज, देताना कंपनी पसंती-नापसंती दाखवू शकते, आणि मध्ये खंड पडल्यामुळे गाडीची तपासणीही करील. ती होऊ द्या.

आता त्या रकान्याविषयी. आपली पॉलिसी लबाडीमुळे रद्द झालेली नाही. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४व्हीबी प्रमाणे हप्ता हाती आल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. चेक परत गेला, म्हणून पॉलिसी गेली, इतकाच हा प्रकार आहे. तेव्हा ‘होय’ लिहा, पुढे कारण एका ओळीत लिहा, आणि रद्द केल्याचे पत्र व बँकेचा चेक परतीचा मेमो सोबत जोडा. ‘नाही’ लिहिल्यास उद्या गाडीच्या नुकसानीचा दावा आला की माहिती दडवल्याचा आक्षेप आयताच कंपनीच्या हाती पडेल, आणि तेव्हा सही एजंटची नव्हे, आपली असेल. शिवाय ही लपवाछपवी टिकणारही नाही, कारण मोटार टॅरिफच्या, म्हणजे मोटार विम्याच्या नियमावलीच्या, नियमानुसार नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) देणाऱ्या कंपनीने २१ दिवसांच्या आत आधीच्या कंपनीला पत्र लिहून खात्री करून घ्यायची असते.

बोनसचा विषय निघालाच आहे, तर कॅलेंडर समोर ठेवा. आधीची पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साचलेला बोनस शून्यावर येतो. सलग चार वर्षे दावा नसेल तर तो ४५ टक्के असतो, म्हणजे गमावण्यासारखी रक्कम आहे. रद्द झालेली पॉलिसी इथे धरता येणार नाही. मुदत १० मार्चपासून मोजायची, ती ८ जूनला संपते. म्हणून ओन डॅमेजचे काम त्याआधीच उरका.

राहता राहिला २० मार्चचा धक्का, आणि मला या पत्रातला हाच भाग सर्वांत नाजूक वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध लक्ष्मम्मा या २०१२ च्या निकालात असे ठरवले आहे की, चेक न वटल्याने रद्द केलेल्या पॉलिसीची सूचना अपघातापूर्वी वाहनमालकाला पोहोचलेली नसेल, तर त्रयस्थाला भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीला टाळता येत नाही. मात्र दिलेली रक्कम ती मालकाकडून वसूल करू शकते. आपल्या बाबतीत अपघाताच्या दिवशी ते पत्र लिहिलेलेसुद्धा नव्हते. त्यामुळे जुन्या कंपनीला आजच लेखी कळवा, पोच घ्या, आणि रद्द केल्याच्या पत्राची प्रत व ते रवाना केल्याचा पुरावा मागून ठेवा. दुचाकीस्वाराने पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईसाठी अर्ज केला आणि नोटीस आली, तर ती घरी ठेवून न देता वकिलामार्फत हजर व्हा, आणि नोटिशीची प्रत त्याच कंपनीला पाठवा. धक्क्याबद्दल दोष मान्य असल्याचे कोणालाही लिहून देऊ नका, मोबाइलवरच्या संदेशातसुद्धा नाही.