ज्याचं काम, त्याचं पान : प्रौढांसाठी चित्रपुस्तकांविषयी प्रश्नोत्तरे

प्रौढ साक्षरता वर्ग चालवणाऱ्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या वाचकांनी कामधंद्यावरच्या चित्रपुस्तकांविषयी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही पत्रं लांब होती. त्यांतला गाभा ठेवून बाकीचं कमी केलं आहे.

'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून मी वस्तीतल्या काही बायकांना शिकवते. बहुतेक जणी भाजी विकतात. शाळेने मुलांची चित्रपुस्तकं देऊ केली आहेत, त्यात 'आपले मदतनीस' छापाचं एक आहे. चित्रं सुंदर आहेत. वापरू का?
– एक वाचक, नाशिक

वर्गाचं मुख्य पुस्तक म्हणून वापरू नका. चित्रं सुंदर असतीलही, पण ती कुठे उभं राहून काढली आहेत ते पाहा. अशा पुस्तकात पाहणारं मूल घराच्या उंबऱ्यात उभं असतं. भाजीवाली दारात येते, पोस्टमन पत्र आणून देतो, ड्रायव्हरकाका शाळेत सोडतात. सगळे कुणाच्या तरी उपयोगी पडायला चित्रात आलेले. तुमच्या वर्गातली बाई उंबऱ्याच्या पलीकडची आहे. तिला तिचंच काम गिऱ्हाइकाच्या नजरेने का दाखवायचं?

भाजीवाल्या बाईचं पान तिच्या बाजूने काढलं तर त्यात पहाटेचा बाजार येईल, लिलाव येईल, मेथीच्या जुड्या, त्यांच्यावर टाकलेलं ओलं गोणपाट, तराजू, उधारीची वही आणि संध्याकाळी उरलेला माल येईल. यातल्या प्रत्येक गोष्टीवर ती तुमच्याहून जास्त बोलू शकते. वर्गात तिला बोलायला लावणं हेच चित्राचं पहिलं काम. अक्षर त्यानंतर येतं.

तयार चित्रं हवीच असतील तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' पाहा. २०१५पासून तिथे मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तकं खुल्या परवान्याखाली मिळतात; मूळ लेखक-चित्रकारांचं नाव देऊन त्यांतला मजकूर बदलताही येतो. पुस्तकं मुलांसाठी आहेत, म्हणून चित्र ठेवून मजकूर मोठ्यांच्या तोंडचा करावा. लाडीगोडीची भाषा तेवढी काढून टाका. पन्नाशीच्या बाईला 'चला चला, पाहूया गंमत' असं वाचायला लावणं मला तरी अपमानाचं वाटतं.

आमच्या गावातले बरेचसे लोक ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास वर्ग रिकामा होतो आणि मार्चमधली साक्षरतेची परीक्षा येते तेव्हा बायका अजून कारखान्यावरच असतात. त्यांच्यासाठी पुस्तक करावं असं मनात आहे. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षक, बीड जिल्हा

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण असं पुस्तक खरोखर हवं आहे.

सुरुवात शब्दांपासून करा, चित्रांपासून नको. फडावरचे शब्द त्यांच्याकडूनच गोळा करा: ऊस, कोयता, मोळी, पाचट, वाढं, कोपी (फडाजवळची झोपडी), टोळी, मुकादम, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), वजन, दर. मग त्यांतले काना-मात्रा-वेलांटी नसलेले वेगळे काढा. 'फड', 'उचल', 'वजन', 'दर' या चार शब्दांत दहा वेगवेगळी अक्षरं आहेत आणि एकही पुन्हा येत नाही. त्याच अक्षरांतून 'चल', 'वर', 'जड', 'नजर' हे शब्द तयार होतात. पुढच्या पानावर काना शिकवा: चल-चाल, दर-दार, जड-जाड, वर-वार. पहिल्याच आठवड्यात बाई स्वतःच्या कामाचे शब्द वाचते आहे, हे 'कमळ' आणि 'बदक' देऊन होत नाही. 'कोयता', 'मोळी', 'मुकादम' हे शब्द मात्रा, वेलांटी आणि उकार आल्यावर घ्या. जोडाक्षरांना घाई नको.

ही रीत जुनी आणि तावूनसुलाखून घेतलेली आहे. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकोस या गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना अवघ्या ४० तासांच्या वर्गांत वाचायला-लिहायला शिकवलं. शब्द त्या माणसांच्या जगण्यातूनच उचललेले. वर्ग सुरू व्हायचा तो चित्रावरच्या गप्पांनी. त्यांच्या पहिल्या चित्रात विहीर, घर, झाड, कुदळीसारखं अवजार घेतलेला माणूस असं सगळं होतं आणि प्रश्न साधे असत: विहीर कुणी खणली? का खणली? झाड कुणी केलं? बोलता बोलता माणसांच्या लक्षात येई की झाड आपण केलेलं नाही, पण विहीर आपल्यासारख्यांनीच केली आहे, आणि लिहिणंही माणसांनीच केलेलं काम आहे. पुढच्याच वर्षी तिथे लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरेंना तुरुंगात टाकलं आणि मोहीम गुंडाळली. कामाविषयी मोकळेपणाने बोलणारे वर्ग सत्तेला नको होते.

तुमच्या पुस्तकातही हा प्रश्न येणार. 'उचल' या पानावर काय काढाल? माझा सल्ला: एक उघडी वही, पेन धरलेला हात, थोड्या नोटा, आणि समोर बसलेले नवरा-बायको. फडावर या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, पण हिशेब बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर मांडला जातो. हे तुम्ही पानावर लिहू नका. 'वहीत काय लिहिलं असेल? कुणाचं नाव असेल?' एवढंच विचारा. उत्तर त्यांना ठाऊक आहे. चित्रात आपला निकाल छापला की बोलणं संपतं. आणि एक काळजी घ्या. मुकादमही त्याच गावचा, कधी भावकीतलाच असतो. चित्रातला चेहरा कुणासारखा दिसता कामा नये. तुम्ही पुस्तक वाटून घरी जाल, बाईला मात्र पुढच्या हंगामात त्याच टोळीत जायचं आहे.

वजनकाट्याच्या पावतीला दोन पानं द्या. खरी पावती मोठी करून काढा आणि टनांचा आकडा कुठे येतो ते दाखवा. परीक्षेत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना सारखेच गुण असतात. या एका पावतीवर तिन्हींचा सराव होतो.

पुस्तक सोळा पानांचं, जाड कव्हराचं, पदराला किंवा पिशवीत बांधून नेता येईल एवढंच करा. कोपीत कपाट नसतं. आणि वर्ग गावात थांबला तरी टोळीत सातवी-आठवी शिकलेली एखादी पोरगी असतेच. तिच्या हाती एक प्रत जास्त द्या.

मी साधी, स्वच्छ रेखाचित्रं काढते. तरी पाड्यावरच्या आज्या चित्र पाहून गप्प बसतात. बी पेरण्याच्या क्रमाची चार चित्रं बाणांनी जोडली होती, तर त्यांना ती चार वेगळी माणसं वाटली. माझं कुठे चुकतं?
– एक चित्रकार, पालघर

चित्र वाचणं हेसुद्धा शिकावं लागतं. शाळेत गेलेल्या आपल्याला ते इतक्या लहानपणी येतं की शिकल्याचं आठवतही नाही. १९७६ साली नेपाळमध्ये युनिसेफच्या मदतीने खेड्यांतल्या प्रौढांना निरनिराळ्या धाटणीची चित्रं दाखवून पाहिली गेली. चित्रातून काही शिकायचं असतं, ही कल्पनाच अनेकांना नवी होती. ओळीतली चित्रं डावीकडून उजवीकडे पाहायची असतात हेही त्यांनी गृहीत धरलं नाही, आणि का धरावं? ती सवय पुस्तकाची आहे. नुसत्या रेषांपेक्षा, मागची गर्दी काढून टाकलेलं छायाचित्र लोकांना अधिक सहज ओळखता आलं.

म्हणून बाण काढून टाका. एका पानावर एकच कृती घ्या, चारही चित्रांत त्याच बाईला त्याच रंगाचं लुगडं द्या आणि तिचा चेहरा बदलू नका. नुसता मनगटापासूनचा हात काढू नका. पूर्ण माणूस दाखवा. कीड किंवा बी मोठं करून दाखवायचं असेल तर शेजारी बोट नाही तर नाणं हवंच, नाहीतर एवढी मोठी कीड आमच्याकडे नसते म्हणून त्या पान उलटतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे परवानगी घेऊन त्यांच्याच कामाचे फोनवर फोटो काढायचे, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून माणूस आणि अवजार गिरवायचं, मागचं सगळं कोरं सोडायचं. संगणकाकडून चित्रं बनवून घेण्याची सोय आता आहे, पण कामाच्या पुस्तकात ती नको. अवजाराची मूठ, नेसण्याची पद्धत, टोपलीची वीण इथेच ती चित्रं फसतात. आणि इथे पाहणारी बाई त्या विषयातली जाणकार आहे. खुरप्याची मूठ चुकली की तिचा पुढच्या पानावरचा विश्वासही जातो.

'ल लोहाराचा', 'स सुताराचा' असं छापलेला तक्ता आमच्या वर्गात लावला होता. एका विद्यार्थ्याने तो काढायला सांगितला. त्याचं म्हणणं रास्त आहे का?
– एक वाचक, सोलापूर

पूर्णपणे रास्त. आपल्याकडे बलुतेदारीत धंद्याचं नाव तेच जातीचं नाव होतं. मुलांना तक्त्यावर फक्त भाता आणि घण दिसेल. चाळीस वर्षांच्या माणसाला त्यात आपल्याला गावात कुणी कुठल्या सुरात हाक मारली तेही ऐकू येतं. तक्ता त्याच दिवशी उतरवायला हवा.

पानांना कामाची नावं द्या: लोखंड तापवणं, चप्पल शिवणं, केस कापणं, माती मळणं. आजची कामं जशी चालतात तशी काढा. वेल्डिंगचं दुकान, सलून, फर्निचरचा कारखाना. तिथे कुठल्याही घरातली माणसं काम करताना दिसू देत. एसटीत बाई कंडक्टर असते, ती चित्रातही असू दे.

सफाईच्या कामाबाबत मी अधिक कडक आहे. गटारात उतरलेला माणूस नेहमीचं काम म्हणून कधीही चित्रात काढू नका. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणंही. त्या पानावर गमबूट, हातमोजे, मास्क आणि यंत्र यांची नावं येऊ द्या. ते शब्द वाचता आले तर मागताही येतील.

अवजारांची नावं शिकवण्यासाठी एक जुनी युक्ती अजून उपयोगी आहे. युरोपातले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलेल्या 'ऑर्बिस पिक्टस'मध्ये सुतार, शिंपी, पाव भाजणारा अशा कामांची चित्रं होती. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा आणि शेजारच्या मजकुरात त्याच आकड्यापुढे तिचं नाव. गवंडीकामाचं पान असंच करा: १ थापी, २ ओळंबा, ३ घमेलं, ४ फावडं. आकडे आणि शब्द एकदमच पाठ होतात.

अक्षर केवढं छापावं?
– एक मुद्रक, सातारा

२४ पॉइंट घ्या; १८च्या खाली जाऊच नका. कागद न चमकणारा हवा, कारण वर्ग संध्याकाळी एका दिव्याखाली भरतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच असलेला फॉन्ट निवडा. हिंदी वळणाचे नंतर पाट्यांवर भेटतील, तेव्हा वेगळे दाखवता येतात.

छपाईचा नसलेला एक मुद्दाही सांगतो. 'डोक्यात शिरत नाही' म्हणून वर्ग सोडणाऱ्या अनेकांना खरं तर चाळिशी लागलेली असते. ठाणे जिल्ह्यात फांगणे गावी २०१६च्या ८ मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली. त्या वयाचा वर्ग असेल तर पहिल्या पुस्तकाआधी डोळे तपासण्याची व्यवस्था करा.

मी मूळची केरळची, पुण्यात नर्स आहे. हिंदी वाचता येतं, पण म्हातारे पेशंट मराठीत काय सांगतात ते कळत नाही. माझ्यासाठी असं पुस्तक असू शकतं का?
– एक परिचारिका, पुणे

असायलाच हवं. तुम्हाला लिपी येते, म्हणून तुमच्या पुस्तकात अक्षरओळख नको. माणसाची मोठी आकृती आणि दुखण्याचे शब्द हवेत: ठणकतंय, कळ येते, चमक निघते, जळजळतंय, मुंग्या येतात, गरगरतंय. प्रत्येक शब्दासाठी वेगळं चित्र काढा, कारण ठणका आणि चमक यांतला फरक डॉक्टरांनाही हवा असतो. बाजूला तुमची वाक्यं लिहा: 'आजी, कूस बदलायची का?', 'काका, हात सैल सोडा.' 'आजी', 'काकू', 'काका' म्हणून 'अहो-जाहो'त बोललात की चुकलेलं व्याकरण कुणी मनावर घेत नाही. एखाद्या मराठी सहकाऱ्याकडून शब्द फोनवर म्हणून घ्या.

कामावरचं पान करायला बसलो की वर्गातल्या निम्म्या बायका म्हणतात, 'मी काय करणार, मी घरीच असते.' त्यांच्यासाठी काय काढू?
– एक स्वयंसेविका, चंद्रपूर

त्यांचा दिवस काढा. मोठ्या कागदावर घड्याळाच्या बारा तबकड्या छापा, काटे नसलेल्या. प्रत्येकीने आपले काटे काढायचे आणि खाली त्या वेळचं काम चित्राने दाखवायचं: पाणी, चूल, झाडलोट, म्हशीची धार, सासूचं औषध, धुणं, सरपण, निंदणी. चित्र वेडंवाकडं आलं तरी तिच्या हातचंच राहू द्या, तुम्ही दुरुस्त करू नका. मग चित्राखाली ती सांगेल तो शब्द तुम्ही लिहा आणि तिने गिरवायचा. ती 'निंदण' म्हणाली तर 'निंदण'च लिहा, 'खुरपणी' नको; पुस्तकी शब्द पुढे आपसूक येतील.

शेवटी तासांची बेरीज करायला सांगा. सुरुवातीला बोटांवर चालेल. बेरीज झाल्यावर वर्गात बराच वेळ गलका होईल; तो थांबवू नका, त्या दिवशीचा बाकीचा पाठ पुढच्या दिवशी घ्या. सगळ्यांची पानं शिवली की तुमच्या वर्गाचं पहिलं पुस्तक तयार होतं. कव्हरवर लेखिका म्हणून प्रत्येकीने आपलं नाव स्वतः लिहायचं.